बिनडोळीच्या मॅडम

काकांचा फोन आला तेव्हा मी गारखेड्यात एका शिकवणीच्या भिंतीला पत्रक चिकटवत होते आणि तिथला वॉचमन ते दुसऱ्या टोकानं काढत होता. आमचं भांडण रंगात आलेलं. काका म्हणजे हिवराळे मॅडमचे यजमान. बायकोला ते स्वतःही मॅडमच म्हणायचे. म्हणाले, "पोरी, मॅडम गेल्या. आत्ताच. चहा पीत होत्या. कप खाली ठेवला, मग गेल्या... थेंब सांडला नाय." वॉचमननं माझा चेहरा बघितला आणि अर्धं निघालेलं पत्रक स्वतःच तळहातानं दाबून परत चिकटवलं. त्या दिवसातलं मला एवढंच नीट आठवतं. नंतर घरात माणसांची गर्दी झाली, आणि ज्या बाईला गर्दीत कधी कुणी बघितलं नव्हतं तिच्याबद्दल सगळेच खात्रीनं बोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी एका दैनिकात चार ओळी आल्या : मत्स्यशास्त्राच्या माजी प्राध्यापिका रत्नप्रभा हिवराळे यांचे निधन. मग शोकसभा झाली, तिच्यात एका वक्त्यानं 'संसार सांभाळून संशोधन' असं म्हणून टाळ्यासुद्धा मिळवल्या. साफ सांगते, संसार काकांनी सांभाळला. वाळूजच्या कंपनीतली पाळी संपवून ते भाजी घेऊन घरी यायचे, पोळ्या करायचे, आणि उरलेल्या वेळात शिलाई मशीनवर बायकोसाठी बारीक कापडाची जाळी शिवायचे. आणि मॅडमचा माशांशी संबंध एवढाच, की संशोधनाच्या पदवीसाठी दुसरा विषय कुणी दिला नाही. त्या उत्क्रांतीच्या अभ्यासक होत्या. मराठवाड्यातल्या विहिरींत जाळी सोडून उत्क्रांती बघणारं त्यांच्याआधी कुणी होतं, असं मला तरी कुणी दाखवलेलं नाही. संपादकांकडे जाऊन मी तावातावानं हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, मग तूच लिही, पण पत्रकासारखं लिहू नकोस. प्रयत्न करते आहे.

मॅडमची आणि माझी ओळख झाली ती धाड टाकताना. आमचा गट बुवाबाजीच्या विरोधात काम करतो. एकदा निरोप आला, की बायपासच्या पलीकडं प्लॉटिंगमध्ये अडकलेली एक पडीक विहीर आहे, तिथं एक म्हातारं जोडपं गुप्तधन काढायला येतं. बाई दोरीला लाल पिशवी बांधून खाली सोडते, पिशवीत उकडलेलं अंडं असतं, आणि आजच अमावास्या आहे. दोर, लाल कापड, अंडं, अमावास्या... आम्हाला अजून काय पाहिजे होतं. ओळखीच्या एका हवालदाराला घेऊन आम्ही भर दुपारी बाभळीमागं दबा धरून बसलो. बाई खरोखर आली. पातळाचा काष्टा मारलेला, डोक्याला गमछा, मागं एक सद्गृहस्थ छत्री आणि डबा घेऊन. पिशवी खाली गेली तशी मी झेपावले आणि पाठ केलेलं कायद्याचं कलम ओरडून म्हणाले. बाईंनी मान वळवली नाही. म्हणाल्या, "ओरडू नको, दोर धर. माझा हात भरून आलाय."

मी धरला. आजही सांगता येत नाही का, पण धरला. हवालदार काठावरून वाकून म्हणाला, "बाई, खरं सांगा, सोनं हाय का खाली?" त्यावर मॅडम म्हणाल्या, "नाय ओ. झिंगे हायत. तेबी आंधळे." मग त्यांनी पिशवी वर घेतली. अंडं आमिष होतं आणि लाल कापड काकांच्या जुन्या कामगार मोर्च्याच्या झेंड्याचं, कारण त्याची वीण बारीक होती. अमावास्या त्यांना माहीतच नव्हती. त्या रविवार बघून आल्या होत्या. पांढऱ्या ताटलीत त्यांनी पाणी ओतलं आणि माझ्या हातात भिंग दिलं. आधी काही दिसलं नाही. मग पाण्याचाच एक तुकडा चालायला लागला... शितापेक्षा लहान, काचेसारखा आरपार, असंख्य पाय, आणि डोळ्यांच्या जागी काही नाही. खाच नाही, ठिपका नाही, सपाट. हवालदारानं भिंग माझ्या हातातून ओढून घेतलं आणि बराच वेळ परत दिलं नाही. काकांनी डबा उघडला. धाड टाकायला गेलेली आम्ही सगळी मेथीचे पराठे खाऊन परत आलो.

पुढच्या रविवारी मी गेले ते चेष्टा म्हणून. त्याच्या पुढच्या रविवारी सवय म्हणून. मॅडमना शिष्य नको होते, दोर ओढायला माणूस पाहिजे होतं, आणि दोर ओढता ओढता त्या बोलायच्या. जन्म फर्दापूरच्या अलीकडच्या एका गावातला. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लोक रील काढायला जातात. तिथल्या बौद्ध वस्तीला गावच्या विहिरीवर पाणी नव्हतं. दीक्षा घेतल्यावर वस्तीनं ठरवलं, हात पसरायचे नाहीत, आपली विहीर आपण काढायची. पुरुषांनी सुरुंगाची भोकं पाडली, बायकांनी पाटीनं दगड वाहिले. त्यात मॅडमची आई होती, आणि मॅडम तेव्हा तिच्या पोटात होत्या. काळा पाषाण फोडून शेवटी पाणी लागलं ते एका फटीतून, बोटभर धारेनं. "आमच्या वस्तीत मुलीच्या आधी विहीर जन्मली," मॅडम म्हणायच्या, "म्हणून मी धाकटी."

शहरात वसतिगृहावर राहून शिकल्या. प्राणिशास्त्र घेतलं. संशोधनाची वेळ आली तेव्हा विहिरीतल्या जिवांचा विषय घेऊन गेल्या, तर मार्गदर्शक सर म्हणाले, विहिरीत काय असतं, बेडूक. मॅडमनी विचारलं, सर, बघितलंय का? या एका वाक्यानं त्यांची कित्येक वर्षं खाल्ली. मला ते ऐकून संताप यायचा; मी म्हणायचे, मॅडम, नाव सांगा, पत्रक काढते. त्या हसायच्या. म्हणायच्या, त्या सरांमुळं मला माशांचे रोग कळले आणि त्यावर नोकरी लागली, आता रविवार माझा. असे किती रविवार गेले, कोण मोजणार. शेतातल्या विहिरी, मशिदीमागची, मळ्यातली, शाळेतली, बुजत आलेली, लग्नाच्या पत्रावळींनी भरलेली. लोकांनी त्यांना पाणी दाखवणारी पाणाडी समजून नारळ दिला, प्रेत शोधणारी समजून रस्ता दिला, सरकारी बाई समजून तक्रारी दिल्या. तक्रारी त्या लिहून घ्यायच्या आणि खरोखर नेऊन द्यायच्या. नारळ खायच्या.

आणि या विहिरींतून त्यांना हळूहळू जे दिसलं ते एवढं सुंदर आहे, की मला ते अजूनही कुणाला तरी धरून सांगावंसं वाटतं. आपल्या पायाखालचा काळा दगड सलग दिसतो, पण आत फटी आहेत, फटींत पाणी आहे, आणि पाण्यात हे झिंग्याच्या दूरच्या नात्यातले जीव पिढ्यान् पिढ्या अंधारात राहतात. फटी एकमेकींना भेटत नाहीत तिथं नातेवाईकही भेटत नाहीत. मग इकडचे इकडं बदलतात, तिकडचे तिकडं. एका विहिरीत मिशा लांब, दुसरीत पाय. शहराखालून जी पाण्याची जुनी नहर जाते, तिच्यातल्यांना डोळ्याच्या जागी अजून एक काळा ठिपका उरलेला. मॅडमच्या गावातल्यांना तोही नाही. मी लगेच मथळा तयार केला : 'नहरीच्या चारशे वर्षांत डोळे गेले, उत्क्रांतीचा ढळढळीत पुरावा!' मॅडमनी वाचलं आणि विचारलं, नहर खोदली तेव्हा हे जीव आधीपासून दगडात नव्हते कशावरून? मग पुढं म्हणाल्या, चारशे वर्षं म्हणजे यांच्या हिशेबात काल सकाळ आहे. खोट्या पुराव्यानं खरं सांगितलं तर खरंच खोटं पडतं. मी दोन दिवस रुसले. ते पत्रक निघालंच नाही. त्यांच्यामुळं माझी न निघालेली पत्रकं निघालेल्यांपेक्षा जास्त आहेत.

त्या चिडायच्या नाहीत असं नाही. शाळेत उत्क्रांतीचा धडा 'घरी वाचून या' म्हणून टाळणाऱ्या मास्तरांवर त्या मनापासून चिडायच्या. एकदा आम्ही बजाजनगरात कामगारांसमोर त्यांचं भाषण ठेवलं. पाळी सुटून आलेली माणसं, कपड्यांना तेलाचा वास, मागच्या रांगेत दोघंतिघं पेंगलेले. मॅडमनी ताटली फिरवली तसे पेंगणारे उठले. मग एकानं हात वर केला. गंभीर चेहरा. म्हणाला, "मॅडम, मी लगातार रातपाळी करतो. माझ्या पोराचे डोळे जातील का?" सभागृह हसलं, तो हसला नाही, आणि मॅडमही हसल्या नाहीत. त्यांनी त्याला समोर बोलावून खुर्ची दिली. म्हणाल्या, तुझे डोळे वापरून किंवा न वापरून पोराला काही मिळत नाही, ती भीती सोड. हे असं बघ. उजेडात डोळ्यांची रोज परीक्षा असते. कमी दिसणारा झिंगा माशाच्या तोंडात जातो, नापास. अंधारात परीक्षाच नाही. तिथं बिनडोळ्याचाही पुढच्या वर्गात जातो, त्याची पोरंही जातात, आणि जो डोळा बनवण्यात खाणं घालवत नाही तो मिशा लांब करतो. असं होता होता वर्ग बिनडोळ्यांचाच भरतो. कुणी ठरवून डोळे टाकले नाहीत, कुणी शिक्षा म्हणून काढले नाहीत. तो कामगार म्हणाला, मग पोराचं बरं हाय. मॅडम म्हणाल्या, पोराचं बरं आहे, तुझी झोप जातीय त्याचं युनियनला विचार. काकांनी सगळ्यात मोठ्यानं टाळी वाजवली.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडं येते. मॅडमच्या वस्तीच्या विहिरीतले जीव, ज्यांना ठिपकाही उरला नव्हता, ते मॅडमना दुसऱ्या कुठल्याही विहिरीत मिळाले नव्हते. आजूबाजूच्या विहिरी त्यांनी पालथ्या घातल्या होत्या. गावाला नळ आल्यावर वस्तीची विहीर ओस पडली, आणि ते मॅडमच्या पथ्यावर पडलं. शांतपणे जाळी सोडता यायची. काठावर त्यांची बालमैत्रीण कौसाबाई येऊन बसायची आणि तंबाखू मळत टोमणे मारायची. मोठी प्रोफेसर झाली आन् किडं धरती, आईनं यापायी शिकिवलं व्हय. त्या जिवाला 'बिनडोळी' हे नाव कौसाबाईनंच दिलं. मॅडमनी त्याचं शास्त्रीय वर्णन लिहायला घेतलं होतं. त्यासाठी अजून नमुने हवे होते, नर हवे होते, पिलं हवी होती. त्यांना घाई नव्हती. विहीर कुठं पळून जात नव्हती.

मग नळयोजनेची मोटार जळाली. दुरुस्ती लांबली. टँकर यायचा, नाही यायचा. आणि सगळं गाव, वरची आळी, खालची आळी, देवळाजवळचे बंगले, हंडे आणि ड्रम घेऊन वस्तीच्या विहिरीवर आलं. ज्यांच्या आज्यापणज्यांनी या लोकांना पाणी नाकारलं त्यांचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते. मला वाटलं भांडण होणार. कौसाबाई काठावर उभी राहून एकेकाचं स्वागत करत होती. सरपंच स्वतः दोर धरून उभे होते, त्यांना म्हणाली, "भरा की, सरपंच. पर जपून. आमचं पाणी बाटंल." सरपंच खाली बघून ओढत राहिले. रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, वरच्या आळीतल्यासुद्धा.

काही दिवसांत कावीळ सुरू झाली. आधी वस्तीत दोन पोरं, मग सगळीकडं. इतक्या हंड्यांनी, इतक्या दोरांनी, काठावरच्या चिखलानं पाणी नासलं होतं. पाण्यात पावडर पडली पाहिजे, लगेच आणि दर आठवड्याला, असं आरोग्यसेविकेनं सांगितलं. ही पावडर म्हणजे टीसीएल, पाणी शुद्ध करायची; गावोगावी पिंपात पडलेली असते. आमचा गट तिथं मदतीला गेला होता, आणि 'स्वच्छ पाणी हा हक्क' हे पत्रक मीच लिहिलं होतं. त्यात पावडरीची मागणी पहिली. पत्रक वाटताना मला कळलं, की ती पावडर पडली की खाली जे काही आहे ते संपलं. मी मॅडमना फोन केला. म्हटलं, उद्या टाकणार आहेत. मी बोलून दोन दिवस थांबवते. तोवर टँकर आणू, तुम्ही जेवढे मिळतील तेवढे जीव काढून घ्या. मॅडमनी विचारलं, टँकर येईल याची खात्री आहे? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग थांबवायचं कुणी सांगितलं तुला?

सकाळी पहिल्या एसटीनं मॅडम आणि काका उतरले. त्यांनी सरपंचांकडं थोडा वेळ मागितला, पावडर भिजून निवळेपर्यंतचा, म्हणजे कुणाचं काही अडणार नाही असा. ग्रामसेवक पिशवी फाडून कोरडी पावडर वरून ओतायला निघाला होता. मॅडमनी त्याचा हात धरला आणि वर्गात बोलावं तसं सगळ्यांना समजावलं. आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यायची, ती दोरानं पाण्यात बुडवून चारही बाजूंना हिंदळायची, आणि मग थांबायचं, लगेच उपसायचं नाही. पावडर भिजत होती तोवर त्यांनी जाळी सोडली. एकदा, दोनदा. बिनडोळी आली, मोजकीच. दंगा झालेल्या पाण्यात ती आधीच खाली दडली होती. मॅडमनी बाटली काकांकडं दिली. निवळी तयार झाली तेव्हा ग्रामसेवकानं दोर उचलला, पण त्या म्हणाल्या, द्या इकडं. काठावर आख्खं गाव उभं होतं आणि कुणाला काही कळत नव्हतं. फक्त कौसाबाईला कळत होतं. ती पुढं आली. टोमण्याचा आवाज नव्हता तो.

"रत्ने, तुझी लेकरं मरत्यात न्हवं यानं?"

मॅडम म्हणाल्या, "मरतील. पण माझ्या आईनं पाटीनं दगड वाहिले ते झिंग्यांसाठी नाय, कौसे. माणसांनी पाणी प्यावं म्हणून. तू बाजूला हो, शिंतोडे उडतील."

आणि बादली सोडली. चारही बाजूंना हिंदळली, शिकवलं होतं तशी, व्यवस्थित.

मी त्यांच्यापेक्षा जास्त रडले, हे काका अजून सगळ्यांना सांगतात. परतीच्या एसटीत मॅडम खिडकीशी बसून शेंगा सोलत होत्या. मी म्हटलं, हे असं कसं तुम्हाला जमतं. त्या म्हणाल्या, जमत नाही, पण दुसरं काही करण्यासारखं होतं का ते तू सांग.  शेंगा चांगल्या होत्या. आम्ही गावच्या फाट्यापासून सिल्लोडपर्यंत शेंगा खाल्ल्या.

कावीळ आटोक्यात आली. नळही सुरू झाला, पण गावानं विहीर सोडली नाही. नळाचा भरवसा राहिला नव्हता आणि विहिरीचं पाणी गोड होतं. पावडर दर आठवड्याला पडत राहिली. मॅडम महिन्यातून एकदा जात राहिल्या आणि जाळी रिकामी येत राहिली. मी चिडायचे, मोटार जाळणाऱ्या ठेकेदारावर, योजनेवर, सगळ्यांवर. मॅडम जाळी पिळून वाळत घालायच्या. म्हणायच्या, रिकामं आलं हेसुद्धा एक उत्तर आहे. पण त्यांचा चेहरा मला माहीत होता. वर्णनाचे कागद टेबलावरून कपाटात गेले होते.

थंडीत एका सकाळी मी मॅडमकडं असताना फोन वाजला. कौसाबाई. तिला फोनवर हळू बोलता येत नाही, त्यामुळं स्वयंपाकघरातल्या काकांनासुद्धा ऐकू गेलं : "रत्ने, पाणी गाळायच्या फडक्यात बिनडोळी आली. जित्ती हाय. दोन हायत. एकीच्या पोटाला काय तरी चिकटलंय." मॅडमनी फोन कानाला तसाच धरला. मग हसायला लागल्या. मी त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. खुर्चीत मागं रेलून, चष्मा काढून, डोळे पुसत. पोटाला अंडी होती. म्हणजे हे वाटचुकार नव्हते, खाली संसार चालू होता. एसटीत बसेपर्यंत त्यांचं बोलणं थांबत नव्हतं. बघ, आपण विहिरीला त्यांचं घर समजत होतो. विहीर म्हणजे फक्त खिडकी. घर मागं आहे, दगडात, त्या बोटभर फटीच्या पलीकडं, किती मोठं कुणास ठाऊक. अंगणात आलेले मेले, घरातले राहिले. मी विचारलं, तुम्हाला हे पावडर टाकताना माहीत होतं? त्या म्हणाल्या, आशा होती. माहीत असतं तर माझी झोप अशी उडाली असती का?

गावात त्या दिवशी कौसाबाईनं सगळ्यांना पुरणाचं जेवण घातलं. तिनं सरपंचांनाही बोलावलं आणि ते आले. ताटलीतली बिनडोळी बघायला शाळेची पोरं रांगेत उभी राहिली आणि मॅडमनी प्रत्येकाला भिंगातून बघू दिलं, मागून पुढं, शेवटचा आधी, म्हणजे मागं राहिलेलं कुणी रुसायला नको. कपाटातले कागद परत टेबलावर आले. वर्णन त्यांनी पूर्ण केलं. शेवटच्या पानावर, नमुने कुणी गोळा केले तिथं, वस्तीतल्या बायकांची नावं लिहिली. ज्या शोधपत्रिकेकडं पाठवलं त्यांनी विचारलं, या कोण, कुठल्या संस्थेच्या? मॅडमनी कळवलं, विहिरीच्या. ते छापून येईल तेव्हा येईल. मॅडमना त्याची घाई नव्हती, मला आहे, आणि मी पाठपुरावा सोडणार नाही, हे संबंधितांनी वाचावं.

गारखेड्यात मॅडमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा गावाकडच्या बायका जीपनं आल्या. बुद्धवंदना झाली, भाषणं झाली. जेवणं व्हायच्या आतच कौसाबाई चपला शोधायला लागली. काका म्हणाले, थांब की. ती म्हणाली, उद्या पावडरीचा वार हाय, मी नसले की ह्या पोरी कोरडीच वतत्यात. मग काका म्हणाले, मी पण येतो, आणि मी पण जीपमध्ये चढले.

सकाळी आम्ही विहिरीवर गेलो. निवळी तयार होती, चुना तळाला नीट बसलेला. काका काठावर बसले. वस्तीतल्या एका पोरीनं दोर बादलीला बांधला आणि कठड्याखालचा एक गोल दगड उचलून ती विहिरीच्या कातळावर ठोकायला वाकली, तोच कौसाबाईनं तिचा हात धरला. मी विचारलं, हे काय? कशाला ठोकता? पोरगी म्हणाली, बिनडोळीला सांगाया. पावडर येतीय, घरात व्हा म्हणून.

माझं डोकं सणकलं. मॅडमच्या विहिरीवर, मॅडमच्या माघारी, माझ्या डोळ्यांदेखत एक अंधश्रद्धा जन्माला येत होती. मी बोलायला तोंड उघडलं. पत्रकाची पहिली ओळ जिभेवर आली होती. कौसाबाईनं मला हातानंच थांबवलं.

"तुझ्या मॅडमला इचारून करतोय. ठोकल्यालं त्यांना कळतं का, आसं मी रत्नीला इचारलं व्हतं. ती म्हणली, मला ठावं नाय, तुमीच बघा. एका बारीला ठोकायचं, दुसऱ्या बारीला नाय. मग दुसऱ्या दिशी फडक्यात मेल्याल्या किती येत्यात ते बघायचं. तुला सांगू नका म्हणली व्हती. लगीच पत्रक काढंल म्हणली."

काका इतक्या जोरात हसले, की विहिरीतून त्यांचाच आवाज परत आला. मी विचारलं, मग काय कळलं आतापर्यंत? कौसाबाईनं तंबाखूची चिमूट ओठात धरली आणि खांदे उडवले. काय नाय अजून. एक उन्हाळा आन् एक पावसाळा तरी जाऊ दे म्हणली व्हती. गडबड कशाची?

मग ती पोरीकडं वळली आणि तिच्या हातातला दगड काढून तिनं कठड्यावर ठेवला. "आज नाय ठोकायचं. आज बिनठोक्याची बारी."

पोरीनं दोर सोडला. आम्ही सगळी काठावरून वाकून बघत होतो. खाली अंधारात बादली पाण्याला टेकल्याचा आवाज आला, आणि दगडाला कुणी हात लावला नाही.